रक्तातलं लोह, साठ्यातलं लोह आणि केसगळती: रिपोर्ट वाचण्यापासून गोळी घेण्यापर्यंत

केस गळायला लागले की तपासण्यांच्या यादीत कुणीतरी 'आयर्न' लिहितं. रिपोर्ट येतो, सीरम आयर्नपुढचा आकडा नॉर्मलच्या चौकटीत असतो आणि 'लोह ठीक आहे' म्हणून कागद बाजूला पडतो. गडबड इथेच होते. सीरम आयर्न हा साठ्याचा आकडा नव्हेच. रक्त काढलं त्या क्षणी रक्तातून जेवढं लोह ये-जा करत होतं, तेवढंच तो सांगतो. साठा बघायचा तर फेरिटिन तपासावं लागतं.

उलटी चूकही तितकीच सर्रास दिसते. फेरिटिन जरा खाली आलं की सगळी केसगळती त्याच्या माथी मारायची आणि वर्षभर गोळ्या गिळत राहायचं. थायरॉइड, वाढता भांग, तीन महिन्यांपूर्वीचा ताप, यांच्याकडे मग कुणी बघतच नाही.

अंगात लोह असतं कुठे

मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं दोन तृतीयांश लाल पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं. शिल्लक साठा यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत. पुरुषांमध्ये तो साधारण १ ग्रॅम, तर पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि बऱ्याचदा त्याहूनही कमी. रक्तद्रवात ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला बांधून फिरणारं लोह मात्र जेमतेम ३ ते ४ मिलिग्रॅम. पण याच रस्त्याने रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोहाची ने-आण होते, म्हणजे ते चार मिलिग्रॅम दिवसातून कितीतरी वेळा बदलले जातात.

सुपात धान्य दिसतंय म्हणून कणगी भरलेली आहे असं कुणी म्हणत नाही. सीरम आयर्न म्हणजे सूप. सकाळी ते जास्त असतं, दुपारनंतर उतरतं. लोहाची गोळी घेतल्यावर काही तास चांगलंच चढतं, सर्दीतापात घसरतं. फेरिटिन म्हणजे कणगीचा अंदाज. हे प्रथिन पेशींच्या आत लोह धरून ठेवतं आणि त्याचा थोडा अंश रक्तात झिरपतो. रक्तातल्या फेरिटिनचा दर १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण ८ ते १० मिलिग्रॅम साठा, असा ढोबळ हिशेब आहे. फेरिटिन १० असेल तर कणगीत उणंपुरं १०० मिलिग्रॅम उरलंय.

तूट येते ती ठरावीक क्रमाने. आधी साठा संपतो, म्हणजे फेरिटिन खाली जातं. बाकी सगळं नॉर्मल दिसतं. मग वाहतूक आटते: सीरम आयर्न कमी, लोह धरण्याची क्षमता म्हणजे टीआयबीसी जास्त, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्सफेरिनचा लोहाने भरलेला हिस्सा, २० टक्क्यांच्या खाली. सर्वांत शेवटी हिमोग्लोबिन घसरतं आणि लाल पेशी लहान होतात. फक्त हिमोग्लोबिन पाहणारा माणूस या गोष्टीचा तिसरा अंकच बघत असतो.

केसांचा यात संबंध काय

केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या अतिशय वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. विभागणी म्हणजे नवा डीएनए, आणि त्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला लोह लागतं. तुटवडा पडला की शरीर उपलब्ध लोह आधी लाल पेशींना देतं. केस नसले तरी जीव चालतो, त्यामुळे त्यांचा नंबर मागे लागतो.

इथवरचं तर्काला पटतं. पुरावा मात्र तितका एकमुखी नाही. केस गळणाऱ्या स्त्रियांमध्ये फेरिटिन कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं, काहींत फरकच दिसला नाही. केसांसाठी फेरिटिन ४० हवं की ७० हवं, यावरही एकमत नाही. त्यामुळे '७० झाल्याशिवाय केस येतच नाहीत' हे वाक्य ठामपणे सांगणाऱ्यावर फार विसंबू नये. १५च्या खालचं फेरिटिन मात्र भरून काढायलाच हवं, केस गळोत वा न गळोत.

पायरी १: केस कसे जातायत ते आधी बघा

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत, उरलेले बहुतेक विश्रांतीत. रोज ५० ते १०० केस पडणं हा या चक्राचा भाग आहे. दोन दिवसांआड डोकं धुणाऱ्याच्या हातात एकदम दीडशे केस आले तर तो दोन-तीन दिवसांचा तुंबलेला हिशेब असतो.

गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचं मूळ बघा. टोकाला टाचणीच्या डोक्याएवढाही नसलेला पांढुरका गोळा दिसला तर तो विश्रांतीची अवस्था पूर्ण करून पडलेला केस. 'मुळापासून गेला, आता परत येणार नाही' अशी भीती लोकांना याच गोळ्यामुळे वाटते. खरं तर मूळ कातडीत शाबूत असतं. गोळाच नाही आणि केस आखूड आहे, तर तो तुटलाय. त्याचं कारण रंग, उष्णता, घट्ट बांधणी यांत शोधावं, फेरिटिनमध्ये नाही.

मग ओढून बघा. अंगठा आणि दोन बोटांत ५०-६० केसांची बट डोक्याजवळ धरायची आणि हळूहळू टोकाकडे सरकत ओढायची. सहा किंवा जास्त केस हातात आले तर गळती खरोखर वाढली आहे. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना अशा चार जागी करा.

आता आरशासमोर भांग पाडा. डोकंभर सारखी गळती, भांग पूर्वीइतकाच, शेपटा मात्र पातळ: हे चित्र लोहाची कमतरता, आजारपण, बाळंतपण, झपाट्याने घटवलेलं वजन यांच्याशी जुळतं. भांग वरच्या बाजूला रुंदावतोय आणि तिथले केसही बारीक झालेत, तर आनुवंशिक विरळपणाचा विचार आधी. लोह भरलं तरी तो भाग आपोआप दाट होत नाही. नाण्याएवढा तुळतुळीत चट्टा, खाज, खपल्या किंवा दुखरी, गुळगुळीत कातडी दिसली तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. व्रण पडून गेलेलं मूळ पुन्हा केस देत नाही, तिथे एकेक महिना मोलाचा असतो.

शेवटी कॅलेंडर काढा. केस विश्रांतीत गेल्यापासून पडेपर्यंत साधारण तीन महिने जातात. म्हणून आज काय खाल्लं, कुठला शाम्पू वापरला याला फारसा अर्थ नाही. गळती सुरू झाली त्याच्या दोन ते तीन महिने आधी काय घडलं होतं ते लिहून काढा.

पायरी २: रक्त योग्य तयारीने द्या

फेरिटिन, सीरम आयर्न, टीआयबीसी, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (दाह दाखवणारी चाचणी) एकाच वेळी, एकाच नमुन्यातून मागा. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची चाचणी. सीआरपी मुद्दाम, कारण शरीरात कुठेही दाह असला की फेरिटिन खोटं फुगतं, आणि ते फुगलंय का हे सीआरपीशिवाय कळत नाही.

रक्त सकाळी, रात्रभराच्या उपाशीपोटी द्या. लोहाची गोळी आणि लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन आदल्या दिवशीपासून बंद. एका गोळीने फेरिटिन हलत नाही, पण सीरम आयर्न आणि सॅच्युरेशन दोन्ही बिघडतात. ताप किंवा मोठा संसर्ग नुकताच होऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबलेलं बरं.

आणि केसांसाठी म्हणून घेतलेलं बायोटिन. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. केसांच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. काही यंत्रांवरच्या चाचण्या बायोटिनच्याच बंधावर चालतात. तिथे जास्तीचं बायोटिन टीएसएच खोटं कमी दाखवतं, फेरिटिनही कमी दाखवू शकतं. म्हणजे केसांसाठी घेतलेली गोळी केसांच्याच तपासणीची वाट लावते. निदान तीन दिवस आधी बंद करा आणि रक्त घेणाऱ्याला सांगून ठेवा.

पायरी ३: आकडे एकत्र वाचा

सॅच्युरेशन रिपोर्टवर नसेल तर स्वतः काढा: सीरम आयर्न भागिले टीआयबीसी, गुणिले १००. वीस ते पन्नास टक्के म्हणजे सर्वसाधारण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढासाठी फेरिटिन १५च्या खाली म्हणजे कमतरता, आणि दाह किंवा संसर्ग असताना ७०च्या खाली. प्रत्यक्षात बरेच डॉक्टर ३० ही रेघ धरतात, कारण १५पर्यंत वाट पाहिली तर साठा संपत आलेले बरेच जण हातून निसटतात. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेची खालची बाजू बऱ्याचदा १० किंवा १२ असते. म्हणून १३ या आकड्यापुढे मर्यादेबाहेरची खूण म्हणून छापलेला तारा नसला तरी तो १३च असतो.

तीन नमुने घेऊन बघू.

समजा हिमोग्लोबिन १२.४, सीरम आयर्न ९२, टीआयबीसी ४१०, फेरिटिन ११, सीआरपी नॉर्मल. सॅच्युरेशन २२ टक्के. हिमोग्लोबिन ठीक, सीरम आयर्न ठीक, सॅच्युरेशन काठावर ठीक. कणगी मात्र रिकामी. 'लोह नॉर्मल' म्हणून परत पाठवली जाते ती हीच व्यक्ती.

दुसरा नमुना: फेरिटिन ६४, सीरम आयर्न ३२, टीआयबीसी २५०, सीआरपी २८. सॅच्युरेशन १३ टक्के. फेरिटिनवर नजर टाकून सुटकेचा श्वास सोडावासा वाटेल, पण सीआरपी चढलेला आहे. दाहात यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते लोहाची दारं बंद करतं: आतड्यातून लोह आत येत नाही, साठ्यातून बाहेर पडत नाही. या ६४ मध्ये खरा साठा किती आणि दाहाची सूज किती, हे दाह उतरल्यावर पुन्हा तपासूनच कळेल. यकृताचे विकार, मद्यपान आणि लठ्ठपणाबरोबर येणारे चयापचयाचे बिघाड यांतही फेरिटिन असंच फुगतं.

तिसरा: सीरम आयर्न १९०, टीआयबीसी ४२०, फेरिटिन ९. सॅच्युरेशन ४५ टक्के. लोह जास्त की कमी? टीआयबीसी वरच्या अंगाला आणि फेरिटिन तळाला, म्हणजे साठा नाहीच. जवळजवळ नक्की सकाळी गोळी घेऊन रक्त दिलेलं आहे.

एक खोडा आणखी. लाल पेशी लहान आहेत पण फेरिटिन चांगलं आहे, अशा वेळी लोह सुरू करू नका. एमसीव्हीला, म्हणजे सीबीसीमधल्या लाल पेशीच्या सरासरी आकाराच्या आकड्याला, लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागा; उत्तर १३च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा) संशय घेऊन हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी करतात.

पायरी ४: लोह जातंय कुठे

ही पायरी गाळून गोळ्या सुरू करणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणं.

जमाखर्च मांडा. आहारातून रोज १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषलं जातं, महिन्याला ३० ते ६०. कातडी आणि आतड्याच्या पेशी झडण्यातून रोज सुमारे १ मिलिग्रॅम जातं, महिन्याला ३०. हिमोग्लोबिन १२ असताना १ मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं तर १६ मिलिग्रॅम, एकूण खर्च ४६, कसंबसं भागतं. तेच १०० मिलिलिटर गेलं तर ४० मिलिग्रॅम, एकूण खर्च ७०. दर महिन्याला तूट. कितीही उत्तम जेवलं तरी हा खड्डा भरत नाही, म्हणूनच अंगावरून जास्त जाणाऱ्या स्त्रीला 'पालेभाज्या खा' हा सल्ला अपुरा ठरतो. ८० मिलिलिटरच्या वरचा रक्तस्राव जास्त धरतात. मोजायला कुणी बसत नाही, पण खुणा आहेत: दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, रात्री उठून बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांच्या वर चालणं. यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणं हाच लोहाचा पहिला उपचार.

बाकीची गळती: बाळंतपण (एका गरोदरपणाला सुमारे १ ग्रॅम लोह लागतं), नियमित रक्तदान (एका वेळी २०० ते २५० मिलिग्रॅम), दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरातून होणारा स्राव, मूळव्याध. शोषणच होत नसेल तर सीलिॲक विकार, जठरातला एच. पायलोरी संसर्ग, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, अनेक महिने चाललेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता निघाली तर पचनमार्ग तपासल्याशिवाय गप्प बसू नये. तिथे केसगळती हा दुय्यम प्रश्न आहे; आतड्यातला छुपा रक्तस्राव हा मुख्य.

पायरी ५: गोळी घ्यायची तर

पाकिटावर दोन आकडे असतात, एक अख्ख्या संयुगाचा आणि दुसरा त्यातल्या मूळ लोहाचा (एलिमेंटल आयर्न). त्यातला मूळ लोहाचा बघा. फेरस सल्फेटची ३२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ६५ मिलिग्रॅम लोह, फेरस फ्युमरेटची २०० मिलिग्रॅमची गोळीही ६५, फेरस ग्लुकोनेटची ३०० मिलिग्रॅमची मात्र जेमतेम ३५. प्रौढाला दिवसातून एकदाच ४० ते १०० मिलिग्रॅम मूळ लोह पुरतं, आणि डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

दिवसातून तीनदा गोळ्या घेण्याची जुनी पद्धत आता मागे पडली, त्याला कारण पुन्हा हेपसिडिनच. मोठा डोस घेतला की ते चढतं आणि सुमारे दिवसभर चढलेलं राहतं. त्या काळात घेतलेल्या पुढच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं आणि आतड्यात पडून पोट बिघडवतं. म्हणून ॲनिमिया नसेल, फक्त साठाच भरायचा असेल, तर एक दिवसाआड एक गोळी हा चांगला मार्ग. पोटही सांभाळतं.

सकाळी, जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर. लिंबूवर्गीय फळाचा रस चालतो. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि अँटासिड यांपासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींमध्ये चार तास ठेवा. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन जातीची अँटिबायोटिक्स चालू असतील तर अंतर डॉक्टरांना विचारून ठेवा. शौचाला काळी होणं अपेक्षित आहे. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर मात्र तो रक्तस्राव असू शकतो. मळमळ फारच झाली तर गोळी सोडून देण्यापेक्षा थोड्या खाण्याबरोबर घ्या. शोषण जरा घटेल, पण पोटात न गेलेल्या गोळीचं शोषण शून्यच असतं.

गोळ्या सोसत नाहीत किंवा शोषल्याच जात नाहीत, तर शिरेतून लोह देतात. त्यानंतर फेरिटिन महिना-दोन महिने खोटं उंच दिसतं, तेव्हा लगेच तपासून खुश होऊ नये.

लहान मुलांच्या घरात लोहाची बाटली कुलपात ठेवा. मुलाने मूठभर गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठावा.

पायरी ६: किती थांबायचं

फेरिटिन १० वरून ५० वर न्यायचं म्हणजे ४० नॅनोग्रॅमची वाढ, म्हणजे साठ्यात ३२० ते ४०० मिलिग्रॅम. रिकाम्या कणगीच्या माणसात ६० मिलिग्रॅमच्या गोळीतून फार तर ६ ते १२ मिलिग्रॅम शोषलं जातं. कागदावर चाळीस-पन्नास गोळ्या. पण साठा भरत जातो तसं शोषण घटतं, पाळीतून काही जात राहतं, आणि ॲनिमिया असेल तर पहिला वाटा लाल पेशी उचलतात. म्हणून तीन महिने ही कमीत कमी मुदत, सहा महिने लागले तर नवल नाही. ॲनिमिया असेल तर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा. ते हलायला लागलेलं दिसलं पाहिजे. नॉर्मल झाल्यावरही साठ्यासाठी आणखी सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवतात. फेरिटिन तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत. दोन ठिकाणची यंत्रं दोन आकडे देतात.

तीन महिने नियमित घेऊनही फेरिटिन जागचं हललं नाही, तर डोस वाढवण्याआधी चौथ्या पायरीवर परत या. एकतर गळती चालू आहे, नाहीतर शोषण होत नाही, नाहीतर गोळी चहाबरोबर जातेय.

केस रक्ताच्या मागून चालतात. साठा भरू लागला तरी आधीच विश्रांतीत गेलेले केस आपली वेळ झाल्यावर पडणारच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळती थांबली नाही म्हणून गोळी बदलू नका. कारण खरंच लोह असेल तर तीन ते सहा महिन्यांत गळती कमी होते. त्याच सुमारास कपाळाच्या कडेला आखूड, टोकदार नवे केस उभे राहिलेले दिसतात. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, तेव्हा शेपट्यात फरक जाणवायला वर्षही लागेल. दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच भांगाचा फोटो काढून ठेवा. रोजच्या आरशात हा फरक दिसत नाही.

फेरिटिन ५०-७०च्या घरात सहा महिने टिकलं आणि गळती तशीच, तर लोह हे कारण नव्हतं किंवा एकटं नव्हतं. आकडा १५०वर नेऊन केस दाट होत नाहीत. जास्तीचं लोह लघवीतून टाकून देण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साचत जातं. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर आणि फेरिटिनही चढलेलं असेल तर गोळी बंद करून आनुवंशिक लोहसंचयाची, म्हणजे हिमोक्रोमॅटोसिसची तपासणी करून घ्यावी.